कूतचा वेढा आणि उपाशी शिपाई : टाउनशेंडकृत समर्थनाचें परीक्षण

मेसोपोटेमियांतील कूत-अल्-अमारा या गांवीं इंग्रजी फौजेस १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत जो वेढा पडला, त्याची हकीकत वेढ्यांतील मुख्य सेनापति मेजर-जनरल सर चार्ल्स टाउनशेंड यानें स्वतःच लिहून ठेविली आहे. ‘मेसोपोटेमियांतील माझी मोहीम’ अशा अर्थाच्या नांवाचा त्याचा इंग्रजी ग्रंथ १९२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यामागून १९२३ ते १९२७ या काळांत मोबर्लीचा सरकारी इतिहास चार खंडांत बाहेर पडला. त्याच्याही आधीं, १९१७ सालीं, पार्लमेंटनें नेमलेल्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल निघाला होता व त्यामुळेंच भारतमंत्री ऑस्टिन चेंबर्लेन यास अधिकारपद सोडावें लागलें होतें. साधनांची अशी समृद्धि असतांही टाउनशेंडनें मांडलेली एक गोष्ट लोकांच्या मनांत जी रुजली ती अद्यापि उपटली गेलेली नाहीं. हिंदी शिपायांनीं धर्माच्या समजुतीमुळें घोड्याचें मांस खाण्याचें नाकारलें, त्यामुळें धान्य लवकर संपलें व कूत पडलें, असा तिचा आशय आहे. या विधानाची तपासणी करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

महाराष्ट्रांतील वाचकास हा विषय परका वाटूं नये. कूत येथें शरण गेलेली फौज म्हणजे सहावी पुणें डिव्हिजन. ती १९१४ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून निघाली आणि नोव्हेंबरांत फाओ येथें उतरून तिनें बसरा घेतलें. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी तिच्या तिन्ही ब्रिगेडींत एक एक अशा वांटलेल्या होत्या. त्या पलटणींतील बहुसंख्य लोक कोंकणांतले व घाटावरचे मराठे असून त्यांच्या जोडीला दक्षिणी मुसलमानही होते. पुढें १९२२ च्या पुनर्घटनेंत या तिन्ही पलटणी पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियनी झाल्या. सारांश, ज्यांच्यावर हा आरोप आहे त्यांतील बरेच जण आपल्याच गांवचे.

प्रथम घडलेल्या गोष्टी थोडक्यांत सांगतों. १९१५ च्या नोव्हेंबरांत बगदादकडे चाल करून गेलेली ही डिव्हिजन टेसिफोन येथें तुर्कांशीं लढली. त्या एका लढाईंत तिचे साडेचार हजारांवर लोक मारले गेले अगर जखमी झाले व तिला माघार घ्यावी लागली. जखमींना बिनकमानीच्या गाड्यांतून नदीपर्यंत व तेथून उघड्या पडावांतून बसऱ्यापर्यंत कसें आणलें याचें वर्णन कमिशनच्या अहवालांत आहे. तें वाचवत नाहीं. ३ डिसेंबर रोजीं थकलेली फौज कूतमध्यें शिरली व ७ तारखेस वेढा पुरा झाला. टायग्रिस नदीच्या वळणांत वसलेल्या या गांवांत सुमारें सहा हजार अरब रहिवासी होते. त्यांचीही पोटें भरावयाचीं होतीं. २९ एप्रिल १९१६ रोजीं टाउनशेंड शरण गेला तो वेढ्याचा १४७ वा दिवस होता.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. वेढ्याच्या आरंभीं टाउनशेंडनें वरिष्ठांस असें कळविलें कीं, आपणांपाशीं गोऱ्या शिपायांस एक महिना व हिंदी शिपायांस दोन महिने पुरेल इतका शिधा आहे. मुक्तता करणाऱ्या फौजेची सारी घाई या एका बातमींतून उत्पन्न झाली. जानेवारीच्या अखेरीस मात्र गांवांतील घरें व कोठारें झडल्यावर त्याच टाउनशेंडला असें आढळून आलें कीं, घोडीं मारून खाल्लीं तर आपण आणखी चौऱ्यांशी दिवस टिकूं शकतों! हा शोध डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत कां लागला नाहीं याचें समाधानकारक उत्तर त्याच्या ग्रंथांत मिळत नाहीं. १८९५ सालीं चित्रळच्या वेढ्यांत स्वतः अडकून पडलेल्या व त्याच कीर्तीवर वर चढलेल्या सेनापतीस दाण्यांची मोजदाद हें वेढ्यांतलें पहिलें काम हें सांगावयास नको होतें.

बरें, तो शोध लागेपर्यंत शिधा तरी कमी केला होता काय? तोही नाहीं. जानेवारीचे पहिले दोन-तीन आठवडे उलटेपर्यंत फौजेस जवळजवळ पुरा शिधा चालू होता. टाउनशेंडच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, मदत लवकरच येणार अशी त्यास खात्री देण्यांत आली होती, व पोट भरलेल्या शिपायांनींच बाहेर पडून हल्ला करण्याची वेळ येईल असें तो समजत होता. हें समर्थन अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु हिशेब हिशेबच आहे. पुऱ्या शिध्यावर काढलेले सुमारें दीड महिन्याचे दिवस अर्ध्या शिध्यावर काढले असते तर तेवढेंच धान्य आणखी दीड महिना पुरलें असतें. वेढ्यांतील जनावरें सुमारें तीन हजार होतीं, व तींही त्याच कोठारांतला जव खात होतीं हें वेगळेंच. घोड्याच्या मांसाचा प्रश्न मोठा करून सांगतांना ग्रंथकार या दीड महिन्याविषयीं फारसें बोलत नाहीं. कूतच्या इतिहासांतलें सर्वांत महागडें मौन हेंच, असें आम्हांस वाटतें.

हिंदी शिपायांनीं मांस नाकारलें हें खरें आहे. तें झांकण्यांत अर्थ नाहीं. गोऱ्या शिपायांनीं जानेवारीच्या अखेरीपासून तें खाल्लें व हिंदी शिपायांपैकीं बहुतेकांनीं एप्रिलपर्यंत खाल्लें नाहीं. त्यांच्या नकाराचें कारण निव्वळ धर्मशास्त्र होतें असें मात्र नव्हे. परत गेल्यावर गांवांत आपल्याशीं कोणी पंक्तिव्यवहार ठेवणार नाहीं, आपल्या मुलींस स्थळ मिळणार नाहीं, अशी भीति त्यांनीं बोलून दाखविल्याचें त्या वेळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनींच नमूद केलें आहे. म्हणजे परत जाण्याची आशा त्यांस होती, आणि त्या आशेपायींच ते उपाशी राहत होते. हिंदुस्थानांतील धर्माधिकाऱ्यांकडून अनुज्ञेचे निरोप बिनतारी यंत्रानें मागवून आणण्यांत आले. तरीही पुष्कळांचें मन वळेना. शेवटीं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत टाउनशेंडनें निक्षून हुकूम काढला. जे अंमलदार मांस खाणार नाहींत त्यांच्या जागीं खाणारे नेमूं असा धाक घातला. आणि त्याबरोबर हजारों शिपाई मांस खाऊं लागले. हुकमानें जी गोष्ट एप्रिलांत आठ दिवसांत साधली ती फेब्रुवारींत साधली असती कीं नाहीं, हा प्रश्न ज्यास विचारावयाचा तो सेनापति, शिपाई नव्हे.

या ठिकाणीं वैद्यकीय साधनांची साक्ष फार महत्त्वाची आहे, व ग्रंथपरीक्षकांनीं तिजकडे द्यावें तितकें लक्ष दिलेलें नाहीं. वेढ्यांतील मुख्य वैद्याधिकारी कर्नल हेहिर यानें ठेविलेल्या नोंदींवरून असें दिसतें कीं, एकाच गांवांत, एकाच वेळीं, दोन प्रकारच्या लोकांस दोन निरनिराळे रोग झाले. गोरे शिपाई पांढऱ्या पिठाचा पाव खात. त्यांस बेरीबेरी झाली, म्हणजे पाय सुजून व हृदय दुबळें होऊन ते पडूं लागले. पुढें पांढरें पीठ संपून जवाचें व आट्याचें पीठ वांट्यास आल्यावर त्यांची बेरीबेरी थांबली. हिंदी शिपाई आटा खात असल्यामुळें त्यांस बेरीबेरी झाली नाहीं. पण ताजी भाजी नाहीं व मांस नाहीं यामुळें त्यांच्यांतील हजारावर लोकांस स्कर्व्ही जडली. हिरड्या सुजून दांत हलूं लागतात, जुन्या जखमा पुन्हां उकलतात, आणि माणूस उभा राहिला तरी त्याचे पाय त्याचे राहत नाहींत, असा हा रोग आहे. वेढ्याच्या अखेरीस हिंदी शिपायांकडून मैदानांतला हिरवा पाला गोळा करवून शिजवीत असत.

टाउनशेंडचा पक्षपाती येथें म्हणेल : मग झालें तर! मांस खाल्लें असतें तर स्कर्व्ही टळली असती. वेढ्याच्या आंतल्यापुरतें हें बरोबर आहे. परंतु वेढ्याच्या बाहेर, मुक्ततेसाठीं झगडणाऱ्या फौजेंत, जेथें घोडें खाण्याचा प्रश्नच नव्हता व जेथें बसऱ्याशीं नदीचा मार्ग खुला होता, तेथेंही १९१६ सालीं हिंदी शिपायांस स्कर्व्हीनें मोठ्या प्रमाणावर ग्रासलें. याचा अर्थ काय? याचा अर्थ असा कीं, सरकारनें हिंदी शिपायासाठीं ठरविलेला शिधाच मुळांत अपुरा होता. आटा, डाळ, तूप, मीठ, गूळ एवढ्यावर तो आपल्या गांवीं जगतो असें धरून चालण्यांत आलें. गांवीं त्याच्या परड्यांत भाजी असते, झाडाला लिंबू असतें, ही गोष्ट शिध्याचें कोष्टक करणाऱ्याच्या लक्षांत आली नाहीं. म्हणजे कूतमधील शिपाई वेढा पडण्यापूर्वींच अर्धा उपाशी होता. त्याची ती उपासमार वेढ्यांत उघडकीस आली व ग्रंथकारानें ती त्याच्या धर्माच्या खातीं मांडली.

आपल्याकडील इतिहासाचे वाचक हा प्रकार पाहून पानिपत आठवल्यावांचून राहणार नाहींत. १७६० च्या नोव्हेंबरपासून १७६१ च्या जानेवारीपर्यंत भाऊसाहेबांच्या छावणींत जी अन्नान्नदशा झाली तिचें खापर पुष्कळ दिवस बाजारबुणगे व यात्रेकरू यांच्या माथीं फोडण्यांत येत असे. रसदेची वाट कोणीं, केव्हां व कशी गमावली हा प्रश्न मागाहून पुढें आला. दोन्ही प्रसंगांत साम्य आहे तें एवढ्यापुरतेंच, व तें ताणण्याची आमची इच्छा नाहीं. पानिपतचा सेनापति स्वतःच्या शिपायांबरोबर रणांत पडला. ग्रंथ लिहावयास उरला नाहीं.

मुक्ततेच्या प्रयत्नांविषयीं. जनरल एल्मरची फौज शेख साद, वादी व हन्ना येथें जानेवारींत, व डुजैला येथें मार्चांत लढली. पुढें गॉरिंजच्या हाताखालीं एप्रिलांत पुन्हां हन्ना, फल्लाहिया व सन्नैयत येथें लढली. तोफा अपुऱ्या, डॉक्टर अपुरे, नदीला पूर, आणि जमीन म्हणजे गुडघ्याएवढा चिखल. हन्नाच्या रात्रीं जखमी लोक पावसांत व थंडींत उघड्यावर पडून राहिले. सुमारें तेरा हजार माणसें सोडविण्याकरितां तेवीस हजार माणसें मारलीं गेलीं किंवा जखमी झालीं. यांतील जानेवारीच्या लढाया तयारीवांचून केल्या गेल्या, कारण कूतमधील अन्न संपत आलें आहे असें सांगण्यांत आलें होतें. आणि तें सांगणें चुकीचें होतें हें वर दाखविलेंच आहे. एप्रिलच्या उत्तरार्धांत विमानांतून धान्याचीं पोतीं टाकण्यांत आलीं. जगाच्या इतिहासांतील हा अशा प्रकारचा पहिलाच प्रयत्न म्हणतात. परंतु एकंदर धान्य सोळा हजार रतलांहून कांहींसेंच अधिक पोंचलें, म्हणजे माणशीं एक-सव्वा रतल, आणि कांहीं पोतीं नदींत व कांहीं तुर्कांच्या खंदकांत पडलीं. २४ एप्रिलच्या रात्रीं ‘जुल्नार’ नांवाची आगबोट २७० टन शिधा घेऊन निघाली ती नदींत आडव्या बांधलेल्या तारदोरास अडकून शत्रूच्या हातीं लागली. त्या वेळीं कूतमधील हिंदी शिपायास दिवसाला चार-पांच औंस पीठ मिळत होतें. आपल्या मापानें तें दहा-बारा तोळे भरतें.

शरणागतीच्या वाटाघाटींत तुर्की सेनापति खलील पाशा याजपुढें प्रथम दहा लक्ष व मागून वीस लक्ष पौंडांची लालूच ठेवून पाहिली, ती त्यानें झिडकारली. फौज शस्त्रें ठेवून हिंदुस्थानांत परत जाईल ही टाउनशेंडची अपेक्षाही फोल ठरली. कैदी आमचे पाहुणे म्हणून राहतील, असें तुर्कांकडून आश्वासन मिळालें होतें. पाहुणचार झाला तो टाउनशेंडचा. त्यास बोटीनें बगदादला व तेथून कॉन्स्टँटिनोपलला नेलें. समुद्रांतील प्रिंकिपो बेटावर त्यास बंगला मिळाला. १९१७ सालीं कैदेंत असतांनाच त्यास इंग्रज सरकारनें ‘सर’ ही पदवी दिली. त्याच्या आवडत्या कुत्र्यास परत पाठविण्याचीही विशेष व्यवस्था झाली व तें सुखरूप स्वदेशीं पोंचलें. ही कुत्र्याची गोष्ट इतिहासाच्या दृष्टीनें क्षुल्लक आहे. पण एकाच दिवशीं, एकाच गांवांतून कोणास कोणत्या वाटेनें नेलें हें तिजवरून जितकें स्पष्ट होतें तितकें मोठ्या कागदांवरून होत नाहीं, म्हणून लिहिली.

शिपायांची वाट दुसरी होती. कूतपासून कांहीं कोसांवर शुमरान येथें त्यांस उघड्या छावणींत ठेवून तुर्कांनीं टणक बिस्किटें वांटलीं. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या पोटांत तीं गेल्याबरोबर शेंकडों लोक जुलाब होऊन मेले. तेथून मे महिन्याच्या उन्हांत पायीं बगदाद, पुढें समाऱ्यापर्यंत आगगाडी, व पुन्हां पायीं तिक्रित, मोसल, निसिबिन असें वाळवंट तुडवीत रास-अल्-ऐनपर्यंत त्यांस हांकीत नेलें. पायांतले बूट व अंगावरचे कपडे भाकरीसाठीं विकले गेले अगर लुबाडले गेले. अधिकारी व शिपाई यांची ताटातूट केली असल्यामुळें त्यांचा वाली कोणी नव्हता. जनरल मेलिस हा आजारी पडून मागें राहिला होता. तो त्याच वाटेनें मागाहून गेला तेव्हां त्यास ठिकठिकाणीं टाकून दिलेले मरणोन्मुख शिपाई आढळले. जेवढे उचलून नेतां आले तेवढे त्यानें नेले व तुर्की सरकारकडे तक्रारी केल्या. मेलिसचें हें वर्तन टाउनशेंडच्या ग्रंथाशेजारीं ठेवून पाहावें. उरलेल्या हिंदी कैद्यांस रास-अल्-ऐनच्या आसपास बगदाद रेल्वेच्या कामावर लावलें. गोऱ्यांपैकीं पुष्कळांस तॉरस डोंगरांतील बोगद्यांवर पाठविलें.

आंकड्यांविषयीं सावधगिरीनें बोललें पाहिजे. गोऱ्या शिपायांपैकीं सुमारें छब्बीसशें कैद झाले, व त्यांतील सतराशेंहून अधिक परत आले नाहींत. हिंदी शिपाई व नोकरलोक मिळून सुमारें दहा हजार. त्यांतील अडीच ते तीन हजार मेले असें धरतात. तेव्हां प्रमाणानें पाहतां गोऱ्यांची हानि अधिक झाली, हें मान्य केलें पाहिजे. आपल्या लोकांविषयींच्या ममत्वानें तें लपवूं नये. परंतु दोन्ही आंकडे एका जातीचे नाहींत. पहिला आंकडा नांवनिशीवार तपासलेला आहे. दुसऱ्यांत ‘ठावठिकाणा लागला नाहीं’ अशा सदराखालीं मोडणारे लोक फार मोठ्या संख्येनें आहेत. आणि त्या दहा हजारांत तीन हजारांवर भिस्ती, मेहतर, आचारी, खेचरवाले व डोलीवाले होते, ज्यांनीं हातीं शस्त्रही धरलें नव्हतें. त्यांच्याविषयीं तर दोन्ही ग्रंथकार एका आंकड्यापलीकडे बहुधा जात नाहींत.

या लोकांचें स्वतःचें म्हणणें काय होतें? तें कळण्यास दोन बंगाली पुस्तकें फार उपयोगी आहेत. पहिलें ‘कल्याण-प्रदीप’. कॅप्टन कल्याणकुमार मुखोपाध्याय या लष्करी डॉक्टरानें मोहिमेवरून घरीं लिहिलेलीं पत्रें एकत्र करून त्याची आजी मोक्षदा देवी हिनें १९२८ सालीं हें चरित्र प्रसिद्ध केलें. कल्याणकुमार कूतच्या वेढ्यांत होता व १९१७ सालीं रास-अल्-ऐन येथें कैदेंतच वारला. इंग्रज सरकारचें शौर्यपदक मिळविणाऱ्या या डॉक्टराच्या पत्रांत राष्ट्राराष्ट्रांच्या अभिमानाविषयींची घृणा उत्तरोत्तर वाढत गेलेली दिसते. दुसरें पुस्तक ‘अभी ले बगदाद’. बंगाल अँब्युलन्स कोअरमधील स्वयंसेवक शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यानें वेढ्यांत व कैदेंत रोजनिशी लिहिली, ती पकडली जाऊं नये म्हणून पानें सुटीं करून बुटांत दडविली, व चाळीस वर्षांनीं तिच्या आधारें हें पुस्तक छापविलें. उपास, कूच व रास-अल्-ऐनचें रुग्णालय यांबरोबरच त्या भागांतील आर्मेनियन लोकांची कत्तल यांचेंही तें प्रत्यक्षदर्शी वर्णन आहे. ग्रंथशैलीच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास दोन्ही पुस्तकांत पुनरुक्ति आहे. मोक्षदा देवीचें तर नातवावरील प्रेम ओसंडून वाहतें. साक्ष म्हणून मात्र तीं टाउनशेंडच्या ग्रंथाहून श्रेष्ठ आहेत, कारण त्यांत स्वतःचें समर्थन नाहीं. मोबर्लीचा ग्रंथ या दोहोंहून निराळा. तो शुष्क आहे पण लबाड नाहीं; टाउनशेंडच्या शिध्याच्या हिशेबांतील चूक त्याच्याच पानांवरून आम्हीं दाखवूं शकलों.

या दोन पुस्तकांचे कर्ते एक डॉक्टर व एक शिकलेला स्वयंसेवक. मराठा पलटणींतला शिपाई बहुधा निरक्षर. त्याचें पत्र दुसऱ्यानें लिहावयाचें व पोष्टांतल्या परीक्षकानें वाचावयाचें. त्याची साक्ष त्यामुळें दुर्मिळ. त्याचें स्मारक आहे, पण तेंही नमुनेदार आहे. बसरा येथें १९२९ सालीं उघडलेल्या स्मारकावर मेसोपोटेमियांत पडलेल्या व जागा न सांपडलेल्या चाळीस हजारांवर लोकांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं. हिंदी पलटणींतील अंमलदारांचीं नांवें कोरलेलीं. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आंकडा. या भेदाची कबुली राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोगानें २०२१ सालीं दिली. आपल्या सातारा-रत्नागिरीकडील गांवांतूनही चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतींत पहिल्या महायुद्धाच्या स्मारकशिला बसविलेल्या आढळतात : या गांवांतून इतके पुरुष गेले, त्यांतील इतके मेले. तेथेंही संख्याच आहे.

तेव्हां पुढील काम गांवोगांव फिरणाऱ्या संशोधकांचें आहे. १०३, ११० व ११७ या पलटणींत असलेल्या शिपायांच्या घरीं पेन्शनचे कागद, पगाराचीं पुस्तकें, पदकें, कैदेंतून आलेलीं पत्रें किंवा मृत्यूची सरकारी चिठ्ठी जेथें जेथें असेल तेथून तिची नक्कल उतरून घ्यावी. स्मारकशिलेवरील आंकड्यामागील नांवें वृद्ध माणसांच्या सांगण्यावरून व भाटांच्या वह्यांवरून जुळवावीं. भिस्ती, मेहतर वगैरे नोकरलोकांचीं घरें वगळूं नयेत. नक्कल करतांना मूळ कागदांतील शुद्धलेखन दुरुस्त करूं नये, व ज्या घरीं कागद मिळाला त्या गांवाचें व तालुक्याचें नांव त्यावर अवश्य लिहावें.